आठ दिवसांत येते

सकाळपासूनची बारावी केस उघडली आणि विद्यापीठाच्या रकान्यातलं नाव वाचून चेतनाचा हात माउसवरच थांबला. अंधेरीच्या त्या कार्यालयात ती सात वर्षं हेच काम करत होती. नव्या नोकरीला लागणाऱ्या माणसांची प्रमाणपत्रं खरी की खोटी ते त्यांच्या विद्यापीठाला विचारायचं, होकार आला तर केस हिरवी करायची, नाही आला तर लाल. देशभरातली विद्यापीठं तिच्या हाताखालून गेली होती, पण हे कधी आलं नव्हतं. इतक्या लहान विद्यापीठातून कुणी अंधेरीपर्यंत पोचतच नाही, असं तिने कधीतरी मनाशी धरून टाकलं होतं आणि त्याचं तिला बरंही वाटायचं. उमेदवाराचं नाव सम्यक. वय तेवीस, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, मरोळच्या एका औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत लागणार. त्याने गुणपत्रिकेबरोबर शाळा सोडल्याचा दाखला पाठवला होता, वृक्षारोपणात भाग घेतल्याचं प्रशस्तिपत्र पाठवलं होतं आणि वर अख्खा लघुप्रबंध, चौऱ्याण्णव पानं. कुणी मागितलं नव्हतं. कुठल्या कागदावाचून अडेल सांगता येत नाही, म्हणून अशी मुलं सगळंच देऊन ठेवतात. तिनेही एकेकाळी दिलं होतं. प्रबंधाचं शीर्षक इंग्रजीत होतं, पण तिला ते मराठीतच ऐकू आलं: आपल्या पठारावरचं गवत.

तिने प्रबंध वाचायचा नव्हता, कामाचा तो भाग नव्हता. तिने वाचला. सातव्या पानावर नकाशा होता. विभागाची चार खोल्यांची इमारत, मागे पाण्याची टाकी, टाकीपासून पश्चिमेला पसरत गेलेलं पठार, आणि त्यावर आखलेले चौकोन. तेच चौकोन. तिच्या बोटांना एकदम लोखंडाचा गारवा आठवला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लोखंडी चौकट असे, ती पाठ करून मागे फेकायची, जिथे पडेल तिथल्या आतल्या काड्या मोजायच्या. पाठ करून फेकायची कारण बघून फेकली तर माणूस आपल्या आवडीच्या जागी फेकतो, असं विभागातले विद्याधर सर म्हणत. तिच्याबरोबर शिकणारा जयवंत फेकायचा, ती मोजायची. दुपारनंतर ती फेकायची, तो मोजायचा. तीन पावसाळे गेले तरी त्या मोजण्याला अंत नव्हता आणि तो नसावा असंच दोघांना वाटत असे, निदान तिला वाटत असे. जयवंतला काय वाटत होतं हे तिने कधी विचारलं नाही. समोरच्या टेबलावर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, एसीची हवा मानेवर येत राहिली, आणि चेतनाला डांबरगोळ्यांचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास आला. गवत वाळवायला वर्तमानपत्रांत दाबून ठेवत. नमुना उलटला की आधी मागच्या वर्षीची बातमी दिसे, मग गवत.

ती तिकडे गेली तेव्हा लोक इकडे येत होते. चेंबूरच्या कॉलेजात तिला बी.एस्सी.ला दुसरा वर्ग मिळाला, मुंबईतल्या एम.एस्सी.च्या याद्या तिच्या गुणांच्या वरच बंद झाल्या, आणि प्रयोगशाळेतल्या सहायकाने सांगितलं की त्या पठारावरच्या विद्यापीठात वीस जागा आहेत आणि पोरं पाच. तिचे वडील धोंडिराम महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते, सकाळी वस्त्यांची पाण्याची चावी फिरवायचे. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय शिकवतात तिथं?" ती म्हणाली, वनस्पतिशास्त्र. गवतांवर मोठं काम आहे तिथल्या सरांचं. मग म्हणाले, "ज्या गवतापासून मी पळालो, ते तू पुस्तकात घालायला चाललीस?" त्यांनी आणि शकुने, म्हणजे चेतनाच्या आईने, लग्नानंतरची सहा वर्षं दुसऱ्याच्या कुरणात गवत कापलं होतं. गंजीवर गंजी रचायच्या, आणि आपल्या दारात एक म्हैस नाही. ज्याचं कुरण त्याच्या ओट्याखाली उभं राहून ओंजळीने पाणी प्यायचं, तेही तो वरून ओतेल तेव्हा. धोंडिराम हे कधी रागाने सांगत नसत, फक्त मुंबईत आल्यापासून त्यांनी कुठल्या बागेत, कुठल्या मैदानात कधी गवतावर बसू दिलं नाही. "सिमेंटवर बस," म्हणायचे. चेतना गेली तेव्हा ते तिला सोडायला आले नाहीत. पण तिची लोखंडी पेटी त्यांनीच दोरीने बांधून दिली होती, अशी की ती सोडायला वसतिगृहात तिला पूर्ण संध्याकाळ लागली.

"चेतना, यार, ही केस अजून पेंडिंग का आहे?" गंधाली खुर्ची सरकवत आली. ती टीमची प्रमुख होती, चेतनाहून सहा वर्षांनी लहान, चेतनासारखीच बोरीवलीला राहायची, मनाने चांगली, आणि तिला दिवसाचे आकडे वर द्यावे लागत. चेतनाने ती केस उघडून आता दहा दिवस झाले होते. परीक्षा विभागाला तिने चार मेल केले होते. दोन परत आले, दोन कुठे गेले कळलं नाही. तिथला दूरध्वनी नुसता वाजायचा. "तिथे कुणी उचलत नाही गं," चेतना म्हणाली. "मग 'पडताळणी अशक्य' टाक ना आणि क्लोज कर. अशी खेड्यातली युनिव्हर्सिटी म्हणजे वाटच लागलेली असते. असते का तरी ती?" "आहे," चेतना म्हणाली. "तुला काय माहीत?" चेतनाच्या स्वतःच्या माहितीत, जी कार्यालयात कुठेतरी असेलच, तेच नाव होतं. पण सात वर्षांत कुणी ते वाचलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर ती बी.एस्सी. म्हणायची. "आहे," ती पुन्हा म्हणाली, "मी शिकले तिथे." गंधालीने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी चुकलं हे तिला कळलं, पण काय ते कळलं नाही. "अगं सॉरी. शुक्रवारपर्यंत थांबते. पण मग लाल करावंच लागेल. क्लायंट मागे लागलाय."

लाल म्हणजे तो मुलगा खोटा ठरणार नव्हता. लाल म्हणजे फक्त कळलं नाही. पण कळलं नाही आणि खोटं यांत नोकरी देणारा फरक करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं! मेट्रोतून घरी जाताना, दत्तपाड्याच्या रस्त्याने चालताना, नवऱ्याने, प्रबुद्धने, केलेल्या चहाचा कप हातात घेऊन बसल्यावरही तिला सरांचा आवाज येत राहिला. विद्याधर सर वर्गात फार बोलत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी पाच जणांपुढे एकेक काडी ठेवली आणि नाव लिहायला सांगितलं. चौघांनी काहीतरी लिहिलं. चेतनाचा कागद कोरा होता आणि तिला रडू येत होतं. सरांनी तिचा कागद उचलला, खिशातून पेन काढून त्यावर 'माहीत नाही' असं लिहिलं आणि म्हणाले, "हे खरं उत्तर. पण आता ते तसंच ठेवायचं नाही." मुंबईत सगळ्या परीक्षांमध्ये काहीतरी लिहून यायचं असतं. माहीत नाही हे लिहिता येतं, आणि त्याच्यापासून सुरुवात करता येते, हे तिला एकविसाव्या वर्षी कळलं, खिडक्यांना अर्ध्याच काचा असलेल्या एका खोलीत, जिथे दुपारी वारा सुटला की पाचही जणांना आपापल्या वह्यांवर कोपर ठेवून बसावं लागे.

सगळं काही चांगलं नव्हतं तिथे. वाचनालयात पाच कपाटं, त्यांतल्या दोनांच्या चाव्या हरवलेल्या. निकाल एकदा सात महिने लागला नाही. वसतिगृहात सहा मुली, त्यांतली नीलम रोज घरी जायचं म्हणून रडायची आणि शेवटी पहिली आली. पण सकाळी उठून बाहेर आलं की पठार असे. मुंबईत तिने नजर कधी इतकी लांब टाकली नव्हती. मानखुर्दच्या घरातून नजर समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन थांबे. इथे नजर जाई आणि जातच राही. भाद्रपदात गवत कमरेइतकं होई, वारा आला की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे त्याचा रंग पालटत जाई, आणि ती त्याला गवत म्हणेनाशी झाली. ही मारवेल, ही शेडा, हा पवन्या, ही कुसळी. एकदा जयवंतने कुसळीचं एक बी तिच्या तळहातावर ठेवलं. काळसर, टोकदार, मागे पिळलेली लांब शेपटी. "हिच्यावर हा कर," तो म्हणाला. तिने फुंकर घातली. "फुंकर नाही गं. हा. आरशावर करतो तसा." तिने तोंड जवळ नेऊन ऊन श्वास सोडला आणि ते बी तिच्या तळहातावर आपोआप गोल फिरायला लागलं. ओल मिळाली की त्याचा पीळ सुटतो आणि ते मातीत शिरतं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण ते तिच्या कातडीत शिरायला बघत होतं, तिच्याच श्वासाने, आणि जयवंतचं डोकं तिच्या डोक्याच्या इतकं जवळ होतं की त्याच्या केसांतली धूळ तिला दिसत होती. बी थांबलं. तो म्हणाला, "अजून एकदा कर." लग्नाला नऊ वर्षं झाली, प्रबुद्धसारखा समजूतदार माणूस घरात आहे, आणि तरी कधीकधी थंडीत काचेवर वाफ धरली की चेतनाच्या तळहाताला काहीतरी टोचतं.

आई एकदा येऊन गेली होती. धोंडिरामांना भावाकडे जाते असं सांगून, एसटीने, एकटी. विभागात येऊन ती दारातच उभी राहिली. सरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली, ती कडेला बसली, पदर सारखा करत. मग सरांनी सहज म्हणून वाळवलेल्या गवताचे कागद तिच्यापुढे उघडले. पहिले दोन तिने नुसते बघितले. तिसऱ्याला म्हणाली, "हा पवन्या. पहिल्या कापाचा न्हाई पण. दुसऱ्या." सरांनी मान वर केली. "कशावरून?" "बुडखा बघा की. पहिल्याचा असा जाड न्हाई ऱ्हात." त्यानंतर सर विचारत गेले आणि आई सांगत गेली. कुठलं म्हशीला चालतं, कुठल्याने दूध आटतं, कुठलं छपराला घातलं तर तीन पावसाळे टिकतं, कुठलं कापताना हात सोलतात. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि मग त्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर, स्थानिक माहिती या ओळीपुढे, शकु धोंडिराम असं नाव घातलं. आईला वाचता येत नव्हतं. चेतनाने तिला ते बोट ठेवून दाखवलं. परत जाताना एसटीच्या खिडकीतून आई म्हणाली, "त्या माणसाला बरंच येतं गं. पण त्यानं कापलं न्हाई कधी." आणि तोंडाला पदर लावून हसली. धोंडिरामांना हे कधीच कळलं नाही.

पुढे पीएच.डी.ची नोंदणी झाली. पठारावर अडतीस प्रकारची गवतं आहेत इथवर ती आणि जयवंत आले होते. तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात प्रबुद्ध वगैरे कुणी आयुष्यात नसताना, सगळं नुकतं सुरू होत असताना, मानखुर्दहून शेजाऱ्यांचा फोन आला की धोंडिरामांची उजवी बाजू गेली. ती एक पिशवी घेऊन निघाली. जयवंत सायकलवरून फाट्यापर्यंत सोडायला आला. "आठ दिवसांत येते," ती म्हणाली. तो म्हणाला, "चौकट मी नाही फेकणार तोवर." धोंडिराम चार वर्षं अंथरुणात होते. आईला एकटीला ते उचलता येत नसत. जयवंतचे तीन निरोप आले. पहिल्याचं उत्तर तिने दुसऱ्या दिवशी देऊ म्हटलं, दुसऱ्याचं लाजेने दिलं नाही, तिसऱ्यानंतर तिचा नंबर बदलला, आणि नवा नंबर कळवायचा म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. इतकं साधं होतं ते. कुणी तिला अडवलं नव्हतं. माणूस परत जात नाही याला कधीकधी एवढंच कारण असतं की पहिला फोन कसा करावा हे त्याला सुचत नाही.

गुरुवारी दुपारी तिने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विभागाचं पान काढलं. शिक्षकांच्या यादीत तीन नावं होती. तिसरं जयवंतचं, पुढे कंसात 'तासिका तत्त्वावर', आणि मोबाइल नंबर. ती जिन्यात गेली, जिथे फक्त सिगारेट ओढणारे जातात, आणि फोन लावला.

"नमस्कार. मी अंधेरीहून बोलतेय. शैक्षणिक पडताळणीसंबंधी फोन केला होता."

"हां मॅडम, बोला ना मॅडम." आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता.

तिने सम्यकबद्दल सांगितलं. परीक्षा विभाग उत्तर देत नाही, उद्या शेवटचा दिवस आहे. तो मध्येमध्ये "हो मॅडम", "बरोबर मॅडम" करत राहिला, आणि तीही त्याला करू देत राहिली. "मुलगा एकदम खरा आहे, मॅडम," तो कळवळून म्हणाला. "माझाच विद्यार्थी. तिथं काय आहे, एकच क्लार्क आहे आणि तो निवडणुकीच्या कामाला गेलाय. मी स्वतः जाऊन बसतो रजिस्ट्रार साहेबांपुढे. उद्या अकरापर्यंत मेल आला नाही तर मला बोला. पोराची नोकरी घालवू नका मॅडम."

"त्याच्या यादीत एकतीसच गवतं आहेत," ती म्हणाली.

"अं?"

"अडतीस होती. पवन्या नाही त्याच्या यादीत."

पलीकडे कुणीतरी मुलं मोठ्याने बोलत होती. मग दार लावल्याचा आवाज आला.

"आठ दिवस म्हणाली होतीस," जयवंत म्हणाला.

तिला वाटत होतं आपण रडू. रडू आलं नाही. जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने नाव कोरलं होतं, ते ती बोटाने चाचपत राहिली. "बाबांना अर्धांग झाला होता रे," ती म्हणाली. "मग राहिलंच." अकरा वर्षांचं एवढंच झालं. तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "बरेत का ते?" "गेले. सात वर्षं झाली." "कळवायचं होतंस गं. आलो असतो." तिने सरांचं विचारलं. सर निवृत्त होऊन मुलाकडे सांगलीला होते. डोळ्यांना दिसत नव्हतं. "फोन केला की विचारतात," जयवंत म्हणाला. "काय?" "पाऊस कसा आहे, गवत कसं आहे." आणखी काही विचारतात का, हे तिने विचारलं नाही. तिने पवन्याचं विचारलं. "गेला. चार वर्षं मलाही सापडला नाही. कुंपण घातलं सगळीकडून, कापणी बंद केली, गिरिपुष्पाची झाडं लावलीत. हिरवं दिसतं, पाहुण्यांना आवडतं." तो थांबला. "मी पीएच.डी. पूर्ण केली. तुझ्या मोजणीशिवाय होत नव्हती, म्हणून ती घेतली. प्रस्तावनेत नाव आहे तुझं. विचारायला नंबर नव्हता." "बरं केलंस," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला कळलं की ते खरं आहे, आणि तरीही ते दुखतं आहे.

शुक्रवारी साडेदहाला मेल आला. रजिस्ट्रारची सही, गोल शिक्का, जरा तिरका. चेतनाने केस हिरवी केली आणि गंधालीने लांबूनच अंगठा दाखवला. दुपारी सम्यकचा फोन आला. कुठून तरी त्याने नंबर मिळवला होता. "मॅडम, जयवंत सरांनी सांगितलं. लई उपकार झाले." तिने सांगितलं, उपकार कसले, तुझी गुणपत्रिका खरी होती. तो मुंबईत राहायला कुठे बरं पडेल ते विचारू लागला, तिने वाकोला सांगितलं, मग चकाला सांगितलं. मग तिला राहवलं नाही. "पठार सोडून येतोयस. वाईट नाही वाटत?" मुलगा खरोखर गोंधळला. "पठार? नाही मॅडम. तिथं काय आहे? गवत." आणि तो इतक्या आनंदाने हसला की तिलाही हसावं लागलं. फोन ठेवल्यावर तिला धोंडिरामांची आठवण आली. ते तरुण असताना गाव सोडून निघाले असतील तेव्हा असेच हसले असतील, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

रविवारी ती मानखुर्दला गेली. आई टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघत होती. आताशा तिला नुसती माणसं बघायला आवडायची. चेतनाने तिला सगळं सांगितलं, मुलगा, जयवंत, सर. आईने ऐकलं, मध्ये एकदा सरांच्या डोळ्यांबद्दल चुकचुकली. शेवटी चेतना म्हणाली, "पवन्या गेला, आई. कुंपण घातलं म्हणे. कुणी कापत नाही आता, तरी गेला."

"तरी काय तरी?" आई म्हणाली. "कापत न्हाईत म्हणूनच गेला. गवत कापलं न्हाई तर सोताच्याच वज्यानं निजतं, निजलं की कुजतं, मग खाली ऊन न्हाई. कापणारी आमी हिकडं आलो. ते कुणासाठी उभं ऱ्हाईल?"

तीन वर्षांच्या वह्यांमध्ये, ओळीओळीने आखलेल्या रकान्यांमध्ये, हे कुठेच नव्हतं. कापणारा हा रकानाच नव्हता.

"मग कधी जायाचं?" आईने विचारलं.

"कुठे?"

"बघायला. त्या पोरास्नी काय कळतंय? पवन्या सपाटीला नसला तर वगळीच्या कडंला, पानी वाहतं तिथं, आसंल. फुलावर आल्याबिगर दिसत न्हाई त्यो. मला दिसंल." तिने आपले गुडघे दाबून पाहिले, जणू ते किती चालतील याचा अंदाज घेत होती. "तुझा बाप असता तर आलीच नसती."

चेतनाने फोन काढला. बराच वेळ ती शब्द लिहीत, पुसत राहिली, आणि शेवटी जयवंतला लिहिलं, की पवन्या फुलावर येईल तेव्हा ती आणि आई पठारावर येऊ म्हणतात, चालेल का. उत्तर लगेच आलं. 'या की. वसतिगृह पडायला झालंय, तिथं राहता येणार नाही. आमच्याकडेच उतरा. सुगंधाला सांगितलं, ती आत्तापासूनच काय करू विचारतेय.'

तिने ते दोनदा वाचलं. "सुगंधा," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण?"

"जयवंतची बायको असेल."

"असणारच की," आई टीव्हीकडे बघत म्हणाली. "तुला न्हाई का नवरा?"

चेतनाला हसू आलं. खाली मैदानात मुलं ओरडत होती. तिने 'दोघी येतो' असं लिहून पाठवलं, मग जरा थांबून, 'सुगंधाला म्हणावं, भाकरी चालेल,' असंही पाठवलं, आणि आई काय बघते आहे ते बघायला तिच्याशेजारी जाऊन बसली.